शांततेचे वकीलपत्र

बँकेच्या नोकरीत माणसे पुष्कळ भेटली, पण फायलीत टिकून राहिले ते वकील. ग्राहक येतो, कर्ज घेतो, फेडतो किंवा बुडवतो. शाखाधिकारी तीन वर्षांनी बदलतो. वकिलाने दिलेला अभिप्राय मात्र एकदा फायलीला टाचला की तो कागद पिवळा पडेपर्यंत तिथेच राहतो.

१९९४ च्या सुमारास मी एका लहान तालुक्याच्या गावी शाखा सांभाळत होतो. आमच्या पॅनेलवर एक वृद्ध वकीलसाहेब होते. काळा कोट, खिशात अडकित्ता आणि बोलणे अगदी मोजके. एका व्यापाऱ्याची कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून द्यायची होती आणि जामीनदार म्हणून त्याची विधवा भावजय आपले राहते घर तारण द्यायला तयार झाली होती. नोंदणीकृत गहाणखत करायचे तर मुद्रांकाचा खर्च मोठा. घराची कागदपत्रे नुसती बँकेत ठेवून गहाण करावे, तर ती सोय सरकारने अधिसूचित केलेल्या शहरांपुरतीच आणि आमचे गाव त्या यादीत नव्हते. मी फाईल परत पाठवणार होतो. वकीलसाहेबांनी सुपारी कातरता कातरता वाट सांगितली. बाईंना एसटीने पुण्याला न्यावे आणि कागदपत्रे तिथल्या शाखेत ठेवून घ्यावीत. घर गावात असले तरी चालते, कागद शहरात दिले म्हणजे झाले. हे कायद्याला धरून होते आणि बँकांत सर्रास चाले. आम्ही तसेच केले. पुढे व्यापारी बुडाला, दावा झाला, हुकूमनामा झाला, घराचा लिलाव झाला. तोवर माझी बदली होऊन गेली होती. कोर्टात त्या कागदांवर एकसुद्धा आक्षेप टिकला नाही, असे मला नंतर कळले.

निवृत्तीनंतर जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात फिलिप जेसप यांनी १९३८ साली लिहिलेले एलिहू रूट यांचे दोन खंडी चरित्र हाती लागले आणि ते वाचताना मला राहून राहून ते वकीलसाहेब आठवत राहिले. रूट हे अमेरिकेचे युद्धमंत्री, परराष्ट्रमंत्री, शांततेच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी. युद्ध कसे टाळावे, देशादेशांत संबंध कसे असावेत, याचा अभ्यास करणाऱ्या ज्या खासगी संस्थांचा आज जगभर दबदबा आहे, त्यांतल्या दोन सर्वांत नामांकित संस्थांच्या पायाभरणीत हा माणूस होता. कार्नेगी एंडाउमेंट फॉर इंटरनॅशनल पीसचे ते पहिले अध्यक्ष आणि न्यूयॉर्कच्या कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्सचे पहिले मानद अध्यक्ष. अशा संस्थांच्या प्रमुखपदी कोण बसतात आणि ते आधी काय करत होते, हे पाहण्याची मला बँकेतल्या सवयीने खोड आहे. कर्ज मागणाऱ्याचा पूर्वेतिहास आम्ही आधी तपासतो. रूट यांचा पूर्वेतिहास सांगायचा तर ते बड्या कंपन्यांचे वकील होते आणि त्यांच्या पहिल्या गाजलेल्या अशिलांत न्यूयॉर्क शहर लुटणारा एक पुढारी होता.

रूट यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८४५ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिंटन या गावातला. वडील तिथल्या हॅमिल्टन कॉलेजात गणित शिकवत. रूट म्हणजे मूळ, त्यामुळे विद्यार्थ्यांनी या गणिताच्या प्राध्यापकांना घनमूळ म्हणायला सुरुवात केली, आणि थोरला मुलगाही पुढे तिथेच गणित शिकवू लागला तेव्हा तो वर्गमूळ झाला. धाकट्या एलिहूच्या वाट्याला असे काही टोपणनाव आले नाही. तो त्याच कॉलेजातून १८६४ मध्ये पदवीधर झाला, वर्षभर शाळामास्तरकी केली आणि न्यूयॉर्कला जाऊन १८६७ साली वकील झाला. घरात पैसा बेताचा, शिस्त कडक आणि झाडांचे वेड. झाडांचे वेड त्यांना जन्मभर पुरले.

१८७३ साली बॉस ट्वीडचा खटला उभा राहिला. ट्वीड म्हणजे न्यूयॉर्क नगरपालिकेचा सर्वेसर्वा. खोट्या बिलांवर त्याच्या टोळीने शहराची तिजोरी रिकामी केली होती. त्याच्या बचावाला वकिलांची मोठी फौज होती आणि तिच्यात सर्वांत कनिष्ठ असलेल्यांत अठ्ठावीस वर्षांचे रूट होते. दुसऱ्या खटल्याच्या आरंभी या वकिलांनी न्यायाधीशांनाच पत्र दिले, की आपले मत आधीच बनलेले आहे, तेव्हा आपण बाजूला व्हावे. न्यायाधीश बाजूला झाले नाहीत. ट्वीडला शिक्षा झाली. नंतर न्यायाधीशांनी बड्या वकिलांना दंड ठोठावला आणि तरुण वकिलांना दंडाऐवजी समज दिली, की अशिलाशी निष्ठा ठेवताना आपली स्वतःची नीती गहाण पडणार नाही हे पाहावे. हा डाग रूट यांना जन्मभर पुसता आला नाही. पुढे निवडणुकांच्या धामधुमीत विरोधी वृत्तपत्रे ट्वीडचे भूत हमखास बाहेर काढत.

मला स्वतःला त्या खटल्यात रूट यांचा दोष दिसत नाही. आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. पण नंतरची पंचवीस वर्षे पाहिली की विचार पडतो. १८८३ ते १८८५ ही दोन वर्षे सरकारी वकिली सोडली, तर त्यांचे अशील म्हणजे साखरेचा ट्रस्ट, ट्राम कंपन्या, रेल्वेवाले. साखरेचा ट्रस्ट कोर्टाने मोडीत काढला तेव्हा तोच कारभार दुसऱ्या राज्याच्या कंपनी कायद्याखाली नव्या कपड्यांत उभा राहिला, त्यामागे जी कायदेशीर डोकी होती त्यांत एक रूट यांचे. त्यांचा एक धनाढ्य अशील म्हणत असे, की बाकीचे वकील मला काय करता येणार नाही ते सांगतात आणि रूट कसे करता येईल ते सांगतात. आमचे सुपारी कातरणारे वकीलसाहेब याच जातीचे. लहान तालुक्यात होते, एवढाच फरक.

१८९९ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये टेलिफोन वाजला. अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या वतीने विचारणा होती, युद्धमंत्री व्हाल का? रूट यांनी कळवले, की आपल्याला युद्धातले आणि सैन्यातले काहीही कळत नाही. उलट निरोप आला, की अध्यक्षांना सैन्यातले कळणारा माणूस नकोच आहे. त्यांना या नव्या बेटांचा कारभार चालवणारा वकील हवा आहे. रूट यांनी होकार दिला. पुढे ते सांगत, की मी वकिली सोडली नाही, अशील तेवढा बदलला. जगातले सर्वांत मोठे अशील, म्हणजे अमेरिकेचे सरकार.

बेटे म्हणजे क्यूबा, पोर्टो रिको आणि फिलिपाइन्स. स्पेनशी झालेल्या १८९८ च्या युद्धात ती अमेरिकेच्या हाती आली होती. आपण स्वतः एका साम्राज्याविरुद्ध बंड करून जन्मलो, मग दुसऱ्यांची भूमी कशी ठेवायची, हा तिथल्या सुशिक्षितांना पडलेला पेच होता. रूट यांनी पेचात वेळ घालवला नाही, मसुदे लिहायला घेतले. क्यूबाला स्वातंत्र्य देण्याचे वचन दिलेले होते, ते मोडायचे नाही आणि हात मात्र मोकळा ठेवायचा. यातून १९०१ मध्ये जी कलमे तयार झाली ती सिनेटर प्लॅट यांच्या नावाने ओळखली जातात, पण त्यांच्यामागचा मेंदू मुख्यतः रूट यांचा. क्यूबाने परक्या सत्तेशी स्वातंत्र्याला बाधक करार करायचा नाही, भरमसाट कर्ज काढायचे नाही, अमेरिकेला वेळप्रसंगी हस्तक्षेपाचा अधिकार राहील आणि आरमारी तळासाठी जागा द्यायची. ही कलमे क्यूबाने आपल्याच राज्यघटनेला जोडायची. क्यूबाच्या घटनासमितीने आधी नकार दिला. ती जोडल्याखेरीज अमेरिकन फौज हलणार नाही, हे दिसल्यावर १६ विरुद्ध ११ मतांनी मान्यता दिली. १९०२ च्या मे महिन्यात फौज हलली. वचन पाळले गेले होते. कागद निर्दोष होता.

त्या कलमांतली बहुतेक १९३४ मध्ये रद्द झाली. तळ राहिला, तोच ग्वांतानामो. अमेरिका त्याच्या भाड्यापोटी वर्षाला सुमारे ४,००० डॉलरचा धनादेश पाठवत आली आणि १९५९ च्या क्रांतीनंतर फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने ते वटवणे बंद केले. क्रांतीनंतरच्या गडबडीत एकच वटला. बँकवाल्याला हे ऐकून कसेसेच होते. मुदत संपलेल्या धनादेशाला काही किंमत नसते, हे आम्ही काउंटरवर दिवसातून दहादा सांगत असू. इथे तो न वटवण्यालाच किंमत होती.

फिलिपाइन्समध्ये प्रकरण रक्ताचे झाले. तिथल्या लोकांनी स्पेनशी जे युद्ध चालवले होते तेच अमेरिकेशी पुढे चालू ठेवले. १८९९ ते १९०२ या काळात ४,२०० हून अधिक अमेरिकन सैनिक आणि २०,००० हून अधिक फिलिपिनो सैनिक मेले. हिंसा, उपासमार आणि रोगराई यांत मेलेल्या सामान्य माणसांचा आकडा २ लाखांपर्यंत सांगितला जातो. इकडे रूट यांनी बेटांच्या मुलकी कारभारासाठी जी सूचनापत्रे लिहिली ती वाचली तर थक्क व्हायला होते. योग्य प्रक्रियेशिवाय कोणाचा जीव किंवा मालमत्ता घ्यायची नाही, भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, शाळा, स्थानिकांना नोकऱ्या, सारे आहे त्यात. तिकडे समार बेटावर जनरल स्मिथने दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला ठार मारण्याचे तोंडी हुकूम दिल्याचे १९०२ मध्ये उघड झाले. त्याच्यावर लष्करी न्यायालय बसले, त्याला समज मिळाली आणि मग रूट यांच्या शिफारशीने सक्तीची निवृत्ती. निवृत्ती, तुरुंग नाही. साम्राज्यविरोधी मंडळींनी रूट यांच्यावर अत्याचार झाकल्याचा आरोप केला. त्यांनी अहवाल दाबले की नाही यावर वाद होऊ शकतो. सैन्याची बाजू त्यांनी अशिलाची घ्यावी तशी घेतली, याबद्दल माझ्या मनात संशय नाही.

सैन्याची घडी त्यांनी नवी बसवली, वॉर कॉलेज काढले, १९०३ मध्ये जनरल स्टाफ उभा केला. लष्करी विषयाच्या अभ्यासकांना त्यात गोडी वाटेल. मला जास्त गोडी आहे ती १९०५ नंतरच्या चार वर्षांत.

परराष्ट्रमंत्री जॉन हे वारले आणि थिओडोर रूझवेल्ट यांनी रूट यांना बोलावून घेतले. रूझवेल्ट म्हणजे हातात सोटा घेऊन बोलणारा माणूस. रूट यांचा स्वर खालचा, विनोद कोरडा आणि ओठांवर मिशी. १९०६ च्या उन्हाळ्यात ते एका युद्धनौकेतून दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना, चिली, पेरू अशी सुमारे तीन महिन्यांची फेरी. पदावर असताना असा दौरा करणारे ते पहिले परराष्ट्रमंत्री. क्यूबाला अटी घालणारा हाच माणूस तिथे लहान-मोठ्या राष्ट्रांच्या समान हक्कांबद्दल बोलला आणि लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. ढोंग म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. क्यूबात त्यांना मिळालेले काम एक होते, इथले काम दुसरे होते.

पुढच्याच वर्षी मध्य अमेरिकेतल्या पाच देशांना वॉशिंग्टनमध्ये बसवून त्यांनी एक न्यायालय उभे करून दिले. कोस्टारिकातल्या या न्यायालयात साधा नागरिकही परक्या सरकारवर दावा लावू शकत असे. १९०८ साली ही कल्पना अफाट होती. हे न्यायालय दहा वर्षे टिकले. निकाराग्वाने अमेरिकेशी केलेल्या एका कराराविरुद्ध त्याने १९१६ मध्ये निकाल दिला, निकाराग्वाने तो मानला नाही, अमेरिकेने दुर्लक्ष केले, आणि १९१८ मध्ये न्यायालयाची मुदत संपली ती कोणी वाढवली नाही. रूट तोवर मंत्रिपदावर नव्हते.

आता त्या संस्थेकडे येतो. पोलादसम्राट अँड्रयू कार्नेगी १९१० च्या नोव्हेंबरात पंचाहत्तर वर्षांचे झाले. वाचनालये बांधून झाली होती, आता युद्ध नाहीसे करायचे होते. या कामी त्यांनी रूट यांचा सल्ला घेतला आणि १४ डिसेंबर १९१० रोजी दानपत्र दिले. दर्शनी किंमत १ कोटी डॉलर, व्याज पाच टक्के, पहिल्या गहाणाचे रोखे. म्हणजे वर्षाला ५ लाख डॉलर युद्धनिर्मूलनाला. पहिल्या गहाणाचे, हा तपशील वाचून मी खूश झालो. दान देतानाही म्हाताऱ्याने तारण पक्के पाहिले होते! त्याच दानपत्रात एक तरतूद अशी, की युद्ध पृथ्वीवरून नाहीसे झाल्यावर विश्वस्तांनी त्यानंतरचे सर्वांत हीन पाप कोणते ते ठरवावे आणि पैसा त्याच्या निर्मूलनाकडे वळवावा. या कलमानुसार सभा बोलावण्याची वेळ अजून आलेली नाही.

विश्वस्त अठ्ठावीस. मी नावांवरून धंदे लावत गेलो. हार्वर्डचे निवृत्त अध्यक्ष इलियट, कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष बटलर, लंडनला राजदूत राहिलेले वकील चोट, माजी परराष्ट्रमंत्री आणि वकील फॉस्टर, सेंट लुईसचे व्यापारी ब्रूकिंग्ज. चिटणीस जेम्स ब्राउन स्कॉट, आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक. अध्यक्ष रूट. वकील, विद्यापीठांचे प्रमुख, राजदूत, कारखानदार. ज्यांच्या अंगणात युद्ध घडून गेले होते असा फिलिपिनो किंवा क्यूबन त्यांच्यात नव्हता, हे लक्षात येते. पण या यादीने एक गोष्ट मात्र ठरवून टाकली. त्या काळच्या शांतता चळवळी म्हणजे सभा, प्रार्थना आणि ठराव. रूट यांना ठरावांचा कंटाळा होता. त्यांनी संस्था संशोधनाकडे वळवली. कायदा, अर्थशास्त्र, इतिहास असे विभाग पाडले, करारांचे संग्रह छापले. बाल्कन युद्धांतल्या अत्याचारांची चौकशी करायला संस्थेने एक आंतरराष्ट्रीय आयोग पाठवला. त्याचा अहवाल १९१४ मध्ये निघाला आणि तो आजही अभ्यासक उघडून पाहतात. शांतता ही भावना नसून ती कागदावर नीट मांडण्याची बाब आहे, हा वकिली विचार संस्थेत रुजला तो असा.

१९१२ चे नोबेल त्यांना मिळाले, मध्यस्थीच्या करारांसाठी आणि लॅटिन अमेरिकेतल्या कामासाठी. १९१४ मध्ये नॉर्वेला जाऊन रिवाजाप्रमाणे भाषण द्यायचे होते. भाषण लिहून तयार होते. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि भाषण न देताच राहिले.

मधली काही वर्षे भराभर सांगतो. सिनेटमध्ये ते १९०९ ते १९१५ होते. १९१२ च्या पक्ष अधिवेशनात अध्यक्षस्थानावरून त्यांनी नियमांचा जो अर्थ लावला त्याने रूझवेल्ट यांची उमेदवारी बुडाली आणि एक जुनी मैत्री तुटली. नियम त्यांच्या बाजूने होते असे त्यांचे मत शेवटपर्यंत होते. १९१७ च्या उन्हाळ्यात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अध्यक्ष विल्सन यांनी त्यांना रशियात पाठवले. पदच्युत झारच्या आगगाडीतून व्लादिवोस्तोकहून पेट्रोग्राडपर्यंत प्रवास झाला. केरेन्स्कीच्या मंडळींशी बोलणी झाली. काही महिन्यांत बोल्शेविकांनी ते सरकार उलथले. जिथे कायद्याचे राज्यच उरलेले नाही तिथे कायदेपंडिताने काय करावे? रूट यांच्या आयुष्यातला हा सर्वांत निष्फळ प्रवास.

आणि सर्वांत सफळ प्रवास तीन वर्षांनी झाला. जागतिक न्यायालय असावे हे १९०७ च्या हेग परिषदेतही सर्वांना मान्य होते, कल्पना फुटली होती ती न्यायाधीश कोणी निवडायचे यावर. बडी राष्ट्रे म्हणत, आमचा माणूस कायम हवा. लहान राष्ट्रे म्हणत, मग आम्ही समान कसले? त्या वेळी परराष्ट्रमंत्री असलेल्या रूट यांनी हा पराभव पाहिला होता. १९२० च्या जूनमध्ये हेगच्या शांतता प्रासादात दहा कायदेपंडित पुन्हा बसले. इमारत कार्नेगींच्याच पैशाने १९१३ मध्ये उभी राहिली होती आणि तिच्या उद्घाटनानंतर वर्षभरात महायुद्ध सुरू झाले होते. पंचाहत्तर वर्षांचे रूट त्या दहांत होते. अमेरिका तर राष्ट्रसंघाची सभासदसुद्धा नव्हती.

घोडे पुन्हा तिथेच अडले. रूट यांनी आपल्या देशाचा जुना तंटा आठवला. अमेरिकेची घटना लिहिताना मोठी आणि लहान राज्ये अशीच भांडली होती आणि दोन सभागृहांची तोड निघाली होती. एकात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात सर्वांना सारख्या. तसेच इथे करावे. राष्ट्रसंघाच्या परिषदेत बडी राष्ट्रे आहेत, महासभेत सारे आहेत. दोघांनी वेगवेगळे मतदान करावे आणि दोन्हीकडे बहुमत मिळेल तोच न्यायाधीश. ब्रिटनचे लॉर्ड फिलिमोर यांनी साथ दिली आणि तेरा वर्षांची गाठ सुटली. न्यायालय १९२२ मध्ये त्याच प्रासादात बसले. पुण्याला कागद नेऊन ठेवण्याची युक्ती आणि ही युक्ती एकाच कारखान्यातली, असे मला ते प्रकरण वाचताना वाटले होते. थोडे रागानेच वाटले होते, हे कबूल करतो.

न्यूयॉर्कची कौन्सिल ही त्याच काळातली. १९१८ मध्ये बँकवाले, कारखानदार आणि वकील यांचे एक भोजनमंडळ रूट यांच्या पुढाकाराखाली जमत असे. पॅरिसच्या तहपरिषदेहून परतलेल्या विद्वानांच्या गटाशी त्याचा संयोग होऊन १९२१ मध्ये आजची संस्था झाली. रूट मानद अध्यक्ष. प्रत्यक्ष अध्यक्ष जॉन डेव्हिस, मॉर्गन पेढीचे वकील आणि लंडनचे माजी राजदूत. उपाध्यक्ष क्रॅव्हाथ, पुन्हा वकील. चिटणीस-खजिनदार एडविन गे मात्र अर्थशास्त्राचे इतिहासकार, हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचे पहिले अधिष्ठाता. संचालकांत भूगोलज्ञ बोमन आणि आमच्या जातीचे पॉल वॉरबर्ग, बँकर. पैसा एका बाजूचा, ग्रंथ दुसऱ्या बाजूचे. १९२२ च्या सप्टेंबरात त्यांचे नियतकालिक निघाले आणि त्यातला पहिला लेख रूट यांचा होता. सूर असा, की परराष्ट्र धोरण आता राजांच्या हातून लोकांच्या हातात आले आहे, तेव्हा लोकांनी ते शिकले पाहिजे. शिकवणार कोण, तर न्यूयॉर्कचे वकील आणि बँकर! पुढेही तेच. १९७० पर्यंत तिथे अध्यक्षस्थानी असलेले जॉन मॅकक्लॉय हे वकील, मग जागतिक बँकेचे अध्यक्ष, मग चेस मॅनहॅटन बँकेचे प्रमुख. त्यांच्यानंतर आले डेव्हिड रॉकफेलर, त्याच बँकेचे.

जागतिक न्यायालयात स्वतःचा देश सामील व्हावा, यासाठी रूट १९२९ मध्ये, चौऱ्यांशी वर्षांचे असताना, पुन्हा जिनिव्हाला गेले आणि सिनेटच्या हरकतींना उत्तर देणारा एक मसुदा घेऊन परतले. सहा वर्षे तो पडून राहिला. २९ जानेवारी १९३५ रोजी सिनेटमध्ये मतदान झाले. ५२ बाजूने, ३६ विरुद्ध. दोन-तृतीयांश लागत होते, सात मते कमी पडली. अडीच आठवड्यांनी रूट नव्वद वर्षांचे झाले. ७ फेब्रुवारी १९३७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले आणि क्लिंटनला, जिथे वडिलांनी गणित शिकवले होते त्या कॉलेजच्या स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या न्यायालयाच्या जागी आजचे आंतरराष्ट्रीय न्यायालय आले. चरित्रकार जेसप पुढे त्याचे न्यायाधीश झाले. दुहेरी मतदानाची रीत मात्र रूट यांची, तीच राहिली. परिषदेच्या जागी सुरक्षा परिषद आली, इतकेच. २०१७ च्या नोव्हेंबरात शेवटच्या एका जागेसाठी भारताचे दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे ख्रिस्तोफर ग्रीनवूड समोरासमोर उभे राहिले. भंडारी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. आमसभेत भंडारी पुढे, सुरक्षा परिषदेत ग्रीनवूड नऊ-पाच असे पुढे. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, पण एकाच घरात जिंकून चालत नव्हते. अखेर २० नोव्हेंबरला ब्रिटनने माघार घेतली आणि भंडारी यांना आमसभेची १९३ पैकी १८३ व सुरक्षा परिषदेची पंधराच्या पंधरा मते पडली. न्यायालय स्थापन झाल्यापासून ब्रिटनचा न्यायाधीश त्यावर नाही, असे प्रथमच घडले.

त्या रात्री मी जेसपचा दुसरा खंड काढून हेगचे प्रकरण पुन्हा वाचले. दोन वर्षांनी, १७ जुलै २०१९ रोजी, महाराष्ट्रातले कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात त्याच प्रासादातून निकाल आला. पाकिस्तानने त्यांना भारतीय वकिलातीची मदत नाकारून करार मोडला, शिक्षेचा फेरविचार करावा. १५ विरुद्ध १. पंधरांत भंडारी होते. आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे बसले होते. मी रूट यांचे नाव काढले, तेव्हा सून म्हणाली की कोण हे, आणि मी ट्वीडच्या खटल्यापासून सांगायला सुरुवात केली.